चीर की भोकं

मंगळवार, ७ जुलै

लेमेकला कुणी मामा केलं! भाची चटईवर पोट धरून वाकडी झालीय आणि हा कोंबडीच्या पायाला कुठल्या रंगाची फीत बांधायची ते ठरवतोय. शनिवारी तियामिकेचं यांखोशी चिंखोस्वे – दोन्हीकडचे मामा बसणार, त्यांचा कोंबडा, आमची कोंबडी, लग्न पक्कं. "आई, मुली घाबरल्या की पोट दुखतंच," म्हणे. माझाच लेक, म्हणून ऐकून घेतलं. हिचं बेंबीपाशी सुरू झालं आणि उजवीकडे खाली जाऊन बसलं. हात लावायला गेले तर झटकला – माझा हात! तिची आई जोहान्सबर्गला लोकांची भांडी घासते, म्हणजे इथे बघणारी मीच. इस्पितळात न्यायला सायकलवाल्याला हाक मारली, मागे तिला बसवलं, मी बाजूने चालत. प्रत्येक खड्ड्याला पोरगी किंचाळायची. सायकलवाल्याला शिव्या दिल्या, खड्डे त्याने खणल्यासारख्या.

बुधवार, ८ जुलै

डॉक्टर न्यासुलू – बाई आहे, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ. अपेंडिक्स सुजलंय, काढायलाच हवं. रस्ते दोन. एक, उजव्या बाजूला बोटभर चीर – ती आजच देईल. दुसरा, तीन बारीक भोकं – एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. त्यात दुखतं कमी, जखम चिघळत नाही फारशी, माणूस लवकर घरी. पण ते यंत्र चालवणारा डॉक्टर ब्लांटायरहून शुक्रवारी येतो.

मी विचारलं, "भोकातून काय काढलं ते मला दिसणार कसं?"

"कसंही काढलं तरी बशीत आणून दाखवीन, आजी."

मग माझं काही म्हणणं नव्हतं. लेमेकचं होतं! "भोकंच पाडा. चीर दिसली तर यांखोच्या घरचे म्हणतील, नवरी आधीच एक पोर काढून बसलीय."

बाकावर एक बाई टाके दाखवायला आली होती, गेल्या शुक्रवारी भोकं पाडलेली. ती खो खो हसली. "भोकांचं सुख मला विचारा, दादा! दुसऱ्या दिवशी मी स्वतः नळावर गेले. पण सासू म्हणते, ह्या म्फिनी आहेत, तू वैदूकडे जाऊन ब्लेडने औषध भरून आलीस. चर्चमध्ये माझ्या नावाने प्रार्थना चालल्यात!"

म्हणजे चीर असली की पोर, भोकं असली की जादूटोणा. आत काय पेटलंय त्याचं कुणाला काही नाही.

लेमेक म्हणाला, शुक्रवारपर्यंत थांबू. डॉक्टरीण म्हणाली, "थांबलात आणि आत फुटलं, तर बेंबीखालून उभं कापावं लागेल. मग ती चीर खरंच बाळंतपणाची वाटेल. आणि फुटल्यावर पोरगी वाचेलच, असं मी सांगणार नाही." लेमेक उठला. "मोठ्यांना विचारून येतो," म्हणाला आणि गेला!

बुधवार, दुपार

ताप चढलाय. ओठ फुटलेत, आणि पाण्याचा थेंबही द्यायचा नाही म्हणतात. लेमेकचा फोन बंद. डॉक्टरीण येऊन उभी – "सही कोण करणार?"

"मामा."

"आजी, ती बावीस वर्षांची आहे. तिचीच सही चालते मला."

कालपासून एवढी तोंडं वाजली, तिला कुणी विचारलंच नव्हतं! मी म्हटलं, "मग विचारा की!"

तियामिके म्हणाली, "आत्ता कापा. आजी, तू जरा बाहेर जा. मला डॉक्टरांशी बोलायचंय."

मला बाहेर! दाराला कान लावला. काही ऐकू आलं नाही.

बुधवार, संध्याकाळ

अजून आत आहे. इस्पितळाबाहेरच्या चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा टाकली. ढवळायची विसरले. करपली.

गुरुवार, ९ जुलै

जिवंत आहे! बशी पाहिली. लालभडक, माझ्या करंगळीहून जाड, टोक काळं पडलेलं. आज जाणारच होतं म्हणे फुटून. चीर बोटभरच. खोकली की पोट धरून ठेवते.

लेमेक संत्री घेऊन आला. पोरगी कशी आहे ते नंतर, आधी – "आई, चीर केवढी?" मी मनगटापासून कोपरापर्यंत दाखवलं. मटकन बाकावर बसला. बसू दे.

शुक्रवार, १० जुलै

यांखोच्या मामाला बातमी लागली. उद्या कोंबडा आणणार नाहीत, नुसतेच इस्पितळात येणार. "कसली चीर ते आम्हाला नीट सांगा," असा निरोप. लेमेक सकाळपासून व्हरांड्यात फेऱ्या मारत "अपेंडिक्स, अपेंडिक्स" घोकतोय.

शनिवार, ११ जुलै

पहाटे तियामिकेने माझ्या कानात सांगितलं – दिवस गेलेत, दोन महिने झालेत. डॉक्टरणीला आधीच सांगितलं होतं, तिने जपून कापलं, बाळ आहे जागेवर. बाळ यांखोचंच, त्यालाही माहीत आहे, आणि तो आपल्या मामाच्या पाठीमागे लपून बसलाय! आलेत सगळे. लेमेकला बजावलंय, तोंड उघडायचं नाही. त्यांच्या मामानेही नाही. आईबापाने त्याचं नाव यांखो ठेवलंय ना, म्हणजे आमच्या भाषेत उत्तर? मग त्यानेच द्यायचं – उभं राहून, तिच्या खाटेशी.