निळ्या स्विचचा कीबोर्ड

प्रिय गोरक्ष,

पाकीट हातात पडल्यावर तुला वाटलं असेल, की पुंजाचं काय झालं आणि तो पत्र कशाला पाठवतोय. मला काही झालेलं नाही. भूक लागते, झोप लागते, सकाळी इंदिरानगरच्या ट्रॅकवर फेऱ्या मारतो. हेच मोबाईलवर पाठवलं असतं, तर वरच्या दोन ओळी वाचून तू अंगठ्याचं चित्र पाठवलं असतंस आणि मोकळा झाला असतास. म्हणून सगळं संगणकावर बडवलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणलं. ललिता वहिनींना वाचून दाखवायला सांगू नकोस. चष्मा लाव, ओट्यावर बस आणि स्वतः वाच.

सांगायचं आहे ते एका कीबोर्डबद्दल. हसू नकोस. आपल्या देवळ्यात लोक म्हणायचे ना, की गावाला दोन घसे आहेत, एक कांदा विकतो आणि दुसरा पैलवान लढवतो. मी मार्केटात लिलाव पुकारायचो तेव्हा शेवटच्या ट्रॅक्टरवरच्या शेतकऱ्यालाही भाव ऐकू जायचा. तू जत्रेत कुस्त्यांचं वर्णन करायला उभा राहिलास की भोंगा बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. त्यातला एक घसा मागच्या वर्षी डॉक्टरांनी काढून घेतला. गाठीबरोबर अख्खं स्वरयंत्र गेलं आणि श्वास घ्यायला गळ्यावर एक भोक राहिलं. ऑपरेशननंतर तू भेटायला आलास तेव्हा माझ्या पायाशी बसून नुसता पावसापाण्याचं बोलत राहिलास. गळ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मला राग नव्हता आला. मीसुद्धा तेव्हा आरशात बघत नव्हतो.

घरी आल्यावर आमच्या योगेशने पाटी आणि मार्कर आणून दिला. पाटीची गंमत अशी, की ती आवाज करत नाही. मी लिहायला घ्यायचो तोवर बोलणं पुढे निघून जायचं. मी ‘पाणी’ लिहीपर्यंत सिंधू चहा घेऊन यायची. ‘पंखा’ लिहिलं की योगेश खिडकी उघडायचा. सगळे प्रेमानेच करत होते, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही मिळालं. ते अजून आहे, रिक्षावाल्याला पत्ता सांगायला बरं पडतं. पण त्याचा आवाज असा घुर्रघुर्र येतो, की पंचवटीच्या बाजारात मी मेथीचा भाव विचारला तेव्हा भाजीवाली म्हणाली, “बाबा, आधी फोन उचला तुमचा, केव्हाचा वाजतोय.” तिथे मी हसलो खरा, पण घरी येऊन यंत्र कपाटात टाकलं आणि पाटीही पलंगाखाली सरकवली. मग मी काही मागायचंच सोडून दिलं. दिवसभर बाल्कनीत बसायचो. सिंधू म्हणायची, “निदान भांडा तरी माझ्याशी.” भांडायला तरी काय होतं माझ्याकडे?

यातून मला बाहेर काढलं ते आमच्या सुनेने. चैताली तुला माहीत आहे, पंचवटीची, लग्नात तुझ्या विनोदावर सगळ्यात मोठ्याने हसलेली. ती घरी बसूनच नोकरी करते, आणि काम संपलं की कानाला हेडफोन लावून संगणकावर बंदुकीचे गेम खेळते, हे मात्र तुला माहीत नसेल. मलाही नव्हतं. एका दुपारी तिने मला हाताला धरून तिच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “अप्पा, इथे मराठीत लिहा. लिहून झालं की हे मोठं बटण दाबा. संगणक वाचून दाखवेल.” मी कसंबसं माझं नाव लिहिलं आणि एका बाईचा आवाज म्हणाला, “पुंजा.” एवढ्या दिवसांनी माझं बोलणं घरात ऐकू आलं, आणि ते आलं बाईच्या आवाजात. सिंधू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, “ही कोण सवत आणली?” नंतर चैतालीने पुरुषाचा आवाजही लावून दाखवला. तो निधनाची बातमी दिल्यासारखा बोलत होता. सिंधूनेच बाई परत आणायला लावली.

पण खरी पंचाईत पुढे होती. तिच्या ऑफिसने दिलेला कीबोर्ड म्हणजे रबराची गादी. बटण दाबलं गेलं की नाही, बोटाला कळायचंच नाही. माझी बोटं तुला ठाऊक आहेत. मी ठोसे मारायचो, तर एक काना द्यायला गेलो की तीन उमटायचे आणि वेलांटी कुठे गायब व्हायची. बाई काहीतरी भलतंच वाचायची आणि मी पुन्हा बाल्कनीत जाऊन बसायचो. चैताली दोन दिवस माझ्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, “चूक तुमची नाही अप्पा. तुम्हाला मेकॅनिकल कीबोर्ड लागेल, गेम खेळणारे वापरतात तसला. प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि स्प्रिंग असते. स्वस्तातलेही चांगले मिळतात, फक्त हाताने बघून घ्यायला हवेत.”

झालं. मी गळ्याला पंचा गुंडाळला आणि सुनेच्या स्कूटरवर मागे बसून बाजारातल्या संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानातला सनी नावाचा पोरगेला मालक मला वरून खालपर्यंत बघून म्हणाला, “काका, कोणता गेम खेळता?” चैताली म्हणाली, “ते बोलणार आहेत त्याच्यावर.” त्याला काही कळेना. मग मी पंचा खाली केला. गोरक्ष, दवाखान्याबाहेर मी तो पहिल्यांदाच कुणासमोर खाली केला असेल. सनीने एकदा बघितलं, मान हलवली, आतून खुर्ची आणून दिली आणि खोके उघडायला लागला. “निवांत दाबून बघा काका, घाई नाही.” दुकानात गिऱ्हाईक येत होतं, जात होतं, आणि मी एकेका कीबोर्डवर ‘लाल कांदा, उन्हाळ कांदा’ बडवत बसलो होतो.

आता मी कांद्याची पारख करायचो तशी या कीबोर्डांची करू शकतो, ऐकून घे. लाल स्विचचा कीबोर्ड लोण्यासारखा. बोट टेकवलं की अक्षर पडतं. चैतालीचा स्वतःचा तोच आहे, गेममध्ये क्षणाचाही उशीर चालत नाही म्हणून. माझ्यासारख्याने विचार करत बोट ठेवलं की त्यावर ‘ककककक’ उमटायचं आणि बाई खोकला झाल्यासारखी वाचायची. तपकिरी स्विच भिडस्त. अर्ध्या वाटेत बोटाला हलकासा अडथळा लागतो, अक्षर पडल्याचं कळतं, पण फारसा आवाज नाही. निळा म्हणजे अडकित्त्याने सुपारी फोडावी तसा, प्रत्येक अक्षराला कटकन वाजणारा. एक तर एवढा आखूड होता की त्याला बाणाची बटणंच नव्हती. मागे जाऊन वेलांटी सुधारायची कशी? तो तिथेच बाद केला. दिवे मात्र सगळ्यांनाच, सप्तरंगी. गणपतीची आरास बरी. सनी म्हणाला, तपकिरी आणि निळा दोन्ही घरी न्या, चार दिवस वापरा, नको तो परत आणा.

घरात सगळ्यांचं मत तपकिरीला. योगेश म्हणाला, फ्लॅटमध्ये राहतो आपण, खालचे लोक तक्रार करतील. सिंधू म्हणाली, निळ्याने डोकं उठतं, घरात कोणी दिवसभर शेंगा फोडतंय असं वाटतं. चैतालीचंही म्हणणं पडलं, की एवढ्या पैशात तपकिरीच चांगला, त्याची बटणंही जाड आहेत, अक्षरं लवकर पुसणार नाहीत. मला सगळ्यांचं पटलं होतं. निळा परत खोक्यात घालायचं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना सिंधूच्या भाच्याच्या लग्नाचा विषय निघाला. लग्न सटाण्याला. योगेश म्हणाला, “अप्पांना नको न्यायला, धूळ असते, गर्दी असते.” सिंधू म्हणाली, “त्यांना घरीच ठेवू, शेजारच्यांना सांगून जाऊ.” मी समोर बसून भाकरी मोडत होतो, आणि ते माझ्याबद्दल असं बोलत होते जसं कुलूप लावायच्या घराबद्दल बोलतात. मी ताटावरून उठलो. उजवा हात खरकटा होता, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने संगणकावर लिहायला लागलो. निळाच जोडलेला होता. कट. कट. कट. आणि मागे बोलणं थांबलं. मी वळून बघितलं, तर तिघं घास हातात धरून माझ्याकडे बघत होते. थांबले होते रे माझ्यासाठी. मी अडखळलो की त्यांचाही श्वास अडकायचा, कटकट पुन्हा सुरू झाली की सुटायचा. मार्केटात मी भाव पुकारायच्या आधी व्यापारी असेच गप्प व्हायचे. एवढ्या शांततेत काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून आधी जे तोंडात होतं तेच लिहिलं. बाई म्हणाली, “डाळीत मीठ कमी आहे.” चैतालीला ठसका लागला. सिंधूने कपाळावर हात मारला. मग मी पुन्हा लिहिलं आणि ते पुन्हा थांबले. “आणि मी लग्नाला येणार.” योगेश उठला आणि मीठ घेऊन आला. सिंधू पदराने डोळे पुसत म्हणाली, “राहू द्या तो निळाच. डोकं उठलं तर उठलं.”

दुसऱ्या दिवशी तपकिरी परत गेला. निळ्याचे दिवे मी पांढरे करून घेतले. मध्यंतरी त्याचा काना बिघडला, एकदा दाबला की दोनदा पडायचा. स्वस्ताची वस्तू, चालायचंच. चैतालीने चिमटा दिला आणि शिकवलं. कधी न लागणाऱ्या एका बटणाखालचा स्विच उपटून मी कान्याखाली बसवला. आता तिच्या मैत्रिणीही आपले कीबोर्ड दुरुस्तीला माझ्याकडे आणतात. संध्याकाळी ती गेम खेळते तेव्हा मी शेजारी बसतो आणि मागून शत्रू आला की लिहून सांगतो. माझं ‘मागे बघ’ पुरं होईपर्यंत ती मेलेली असते. आम्ही दोघं हसतो. माझ्या हसण्याला आवाज नाही, नुसते खांदे हलतात. ती आता खांद्यांकडे बघूनच ओळखते. सटाण्याच्या लग्नात मी जिलबी खाल्ली, पंगतीत वाढलंही.

सगळं गोड गोड सांगत नाही. फुंकर मारता येत नाही, चहा बशीत ओतून वाट बघावी लागते. वास पूर्वीसारखा येत नाही, फोडणी करपली तरी कळत नाही. नदीत उतरता येणार नाही, गळ्याच्या भोकातून पाणी आत जाईल. गळ्याची साफसफाई रोज करावी लागते, सुरुवातीला किळस येते, मग दाढी केल्यासारखी सवय होते. पहिले काही दिवस नाकातल्या नळीने पोटात दूध जायचं, तेव्हा वाटलं होतं की संपलं सगळं. तसं ते संपलं नाही, हे तुला कुणा डॉक्टरने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

कारण परवा ललिता वहिनींचा सिंधूला फोन आला होता. तुझ्या बसलेल्या आवाजाचं निदान काय निघालं, ते मला कळलं. तुलाही तेच ऑपरेशन सांगितलंय, आणि “मुका होऊन जगण्यापेक्षा आहे ते बरं” म्हणत तू दवाखान्यातून उठून आलास, हेही कळलं. वहिनींवर रागावू नकोस, बिचाऱ्या रडत होत्या. तू मला सांगितलं नाहीस, ते का, हे मला समजतं. माझ्याकडे बघूनच तू घाबरलास ना? तू आलास तेव्हा मी पलंगावर पडलेला होतो, तेवढंच तुझ्या डोळ्यांपुढे आहे. त्यानंतरचं तू बघितलंच नाहीस, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं. गुरुवारी योगेश गाडी घेऊन देवळ्याला येतोय आणि मी त्याच्या शेजारी बसलेला असेन. वहिनींना पिशवी भरून ठेवायला सांगितली आहे, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दोघांनी आमच्याकडेच राहायचं आहे. नाही म्हणायचं असेल तर मला तोंडावर म्हण, तुझ्या त्या जत्रा हलवणाऱ्या आवाजात म्हण, बसलेला असला तरी. हव्या तेवढ्या शिव्या दे. मी सगळं ऐकून घेईन, उलट उत्तर देणार नाही. आणि तुझं झालं की तुला दंडाला धरून गाडीत बसवीन.

तुझाच,
पुंजा