काय बंद झाला?

पप्पा, मी काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते, आणि माझ्याबद्दल कोणी विचारलं तर "चेडू कॉम्प्युटराचा शिकता" एवढं सांगून तू विषय मिटवायचास. आता मी पुण्याच्या एका लहानशा कंपनीत आहे, पण काम करते ते इथे मालवणात, आपल्याच घरात बसून. पडवीत तुझी आरामखुर्ची असायची, तिथे माझं टेबल आहे. मम्मी गेल्यापासून घरात मी एकटीच. सकाळी सायकलवरून पाववाला येतो, त्याच्याशी दोन शब्द होतात. त्यानंतर दिवसभर जे काही बोलणं होतं ते कानाला हेडफोन लावून, दूरच्या माणसांशी.

सध्या आम्ही मासेमारीच्या होड्यांसाठी एक छोटा पडदा बनवतो आहोत. वारा किती, लाटा किती, होडी नेमकी कुठे आहे, हे त्यावर दिसतं, आणि तो बॅटरीवर चालतो. आत तळहाताएवढा एक बोर्ड असतो. त्याला जागं करून कामाला लावायचं, हे माझं काम. पण बोर्ड चालू केला की पडद्यावर चित्र यायचं आणि आपण नीट बघेपर्यंत पडदा काळा व्हायचा. आतलं बाकी सगळं सुरळीत चालू, फक्त दिसायचं काही नाही. हंगाम सुरू होण्याआधी पहिले पडदे बंदरावर द्यायचे होते. ते जमलं नाही तर हे कामच गुंडाळायचं, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं. मग मला पुण्याला जावं लागलं असतं, आणि या घराला कुलूप लागलं असतं.

शेवटी कारण सापडलं. बोर्डवरच्या प्रत्येक भागाला चालायला एका लयीत पडणारा ठोका लागतो. त्याला क्लॉक म्हणतात, पण तो वेळ दाखवत नाही. होडीच्या इंजिनाची धडधड समज. बोर्ड जागा करणारा पहिला छोटा प्रोग्राम पडद्याला लागणारे ठोके चालू करून देतो आणि निघून जातो. मग खरी यंत्रणा येते आणि सगळ्याचा ताबा घेते. कुठला ठोका कोणाला लागतो, हे तिला एका फायलीत लिहून द्यावं लागतं. ज्या ठोक्यावर कोणी हक्क सांगितलेला नाही, तो ती बंद करून टाकते. उगाच बॅटरी का जाळायची? पडदा आपल्या ठोक्यांवर चालला होता, पण ते त्याचे आहेत असं कोणी लिहिलंच नव्हतं.

आणि मला तो नाताळ आठवला. मी आठ-नऊ वर्षांची. तू जहाजावरून सुट्टीवर आला आहेस. वर्षातले कितीतरी महिने तू कुठल्या कुठल्या समुद्रात दुसऱ्यांचं जेवण रांधायचास, आणि घरी आलास की आपलं स्वयंपाकघर मम्मीकडून काढून घ्यायचास. त्या दिवशीही तू डुकराच्या मटणाचं सोरपोतेल केलं होतंस, हाताला व्हिनेगरचा वास. झोपायच्या आधी तू घरभर फिरून एकेक दिवा बंद करत होतास. मागच्या खोलीत बल्ब जळत होता आणि खोलीत माणूस नव्हतं. तू बटण दाबलंस. त्या बल्बच्या उबेला, खाली खोक्यात, भाताच्या तुसावर, मम्मीने कुडाळच्या बाजारातून आणलेली कोंबडीची पिल्लं होती. सकाळी ती एका कोपऱ्यात एकावर एक चढून पडलेली होती. एकही हलत नव्हतं.

मी रडत होते. मम्मी हळूच एवढंच म्हणाली, "तुका कोणी सांगूक नाय." त्यावर तू चिडलास. मम्मीवर नाही, माझ्यावर. "बल्ब पेटतो ठेवचो आसलो तर सांगूक व्हया गो. न सांगता माका कसा कळतला?" माझं रडं थांबलं ते भीतीने. तू शर्ट घातलास, पिशवी घेतलीस आणि एसटीने कुडाळला गेलास. दुपारी परत आलास तेव्हा पिशवीत गुळात घोळवलेलं खाजं होतं आणि बाकी काही नव्हतं. पिल्लं मिळतात तो आठवडी बाजार त्या दिवशी नव्हता. बाजार कधी असतो तेही तुला ठाऊक नव्हतं. पुडा माझ्या हातात दिलास, ओट्यावर टेकलास आणि मम्मीला म्हणालास, "माज्याच घरात खंयचा बटण कशाचा, ता माका म्हायत नाय." त्या वयातही मला तुझ्याकडे बघवलं नाही.

मग तू उठलास. मला म्हणालास, तू आत जा, मी बटणं दाबतो, काय बंद होतं ते ओरडून सांग. ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते आहे. तू पडवीतल्या बटणांच्या बोर्डापाशी उभा आहेस. मी या खोलीतून त्या खोलीत धावते आहे, तोंडात खाजं. तू विचारतोस, "काय बंद झाला?" मी ओरडते, "देवाकडचो दिवो!" पुन्हा, "काय बंद झाला?" "काय नाय!" ते एक बटण कशाचंच नव्हतं, आणि आपण दोघं इतकं हसलो की मम्मी पिठाच्या हातांनी बघायला आली. सुट्टी संपून तू गेलास तोपर्यंत घरातलं प्रत्येक बटण तुझ्या ओळखीचं झालं होतं.

ऑफिसातला माझा सहकारी म्हणत होता, कशाला डोकं शिणवता, काहीच बंद करू नको असं यंत्रणेला सांगून टाका. ते करून पाहिलं. पडदा राहिला, पण बॅटरी निम्म्या वेळात खलास. भर समुद्रात असा पडदा विझला तर काय उपयोग? म्हणून सगळे ठोके चालू ठेवले आणि एकेक बंद करत गेले. पडवीत वीज वरखाली होते, त्यामुळे बोर्ड आतल्या खोलीत इन्व्हर्टरला लावलेला. टेबलावरून हुकूम द्यायचा, उठायचं, आत जाऊन पडदा बघायचा, परत यायचं. सकाळपासून तेच. पडद्याचे स्वतःचे दोन ठोके लवकर सापडले. ते फायलीत लिहिले तरी पडदा काळाच. आणखी एक कुठलातरी होता, ज्याच्या नावावरून त्याचा पडद्याशी काही संबंध असेल असं वाटलंच नसतं. चित्र मेमरीतून पडद्यापर्यंत वाहून आणणाऱ्या भागाचा तो ठोका. तो बंद केला तेव्हा पाय इतके दुखत होते की मला उठवेना. मी खुर्चीतूनच आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "काय बंद झाला?"

आतून कोण बोलणार? मी उठले, गेले, पडदा काळा झाला होता. मग पडद्याच्या नावाखाली तोही ठोका लिहिला आणि बोर्ड पुन्हा सुरू केला. चित्र आलं आणि राहिलं. मी जेवून आले तरी होतं. दुसऱ्या दिवशी बॅटरीही पुरली. पहिले पडदे बंदरावर गेले, आणि मी इथेच आहे.

हे तुला पाठवायचं कुठे? तू जहाजावर असताना कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर पत्र टाकलं की ते पुढे कुठल्यातरी बंदरात तुला गाठायचं. तसा पत्ता आता कोणाकडेच नाही. पण तरीही लिहायला बसले, कारण एक गोष्ट राहिली आहे. मी ओरडले तेव्हा फोन चालू होता आणि सहकाऱ्याने ते ऐकलं. त्याने विचारलं, "घरी कोण आहे?" मी म्हटलं, "वडील आहेत." तेव्हापासून तो रोज फोन ठेवताना तुला नमस्कार सांगायला सांगतो. मी हो म्हणते. अजून त्याला खरं सांगितलेलं नाही.