वैवाहिक स्थितीचा रकाना

सोमवार, ३ जुलै २०००

आजही एरर! दिवसभर बोलले ती फक्त कॉम्प्युटरशी, आणि त्याला एकच वाक्य येतं.

लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइटचा फॉर्म. कुणी 'घटस्फोटित' निवडलं की पाटी यावी, 'आपली नोंद घेता येत नाही', आणि फॉर्म तिथेच अडावा. हा हिम्मतरावांचा हुकूम. आबिड्समधल्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीचे ते मालक. "हौ मॅडम, वाईट मलाबी वाटतंय. पण तसले यादीत दिसले की बाकीचे पळायलेत." माझा घटस्फोट त्यांना ठाऊक नाही. मुलाखतीत विचारलं कुठे होतं!

मंगळवार, ४ जुलै

रकान्याचं नावच विचित्र — vivah[sthiti]. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला ते कंस हवेतच. बाकीचे रकाने टिंब देऊन नाव लिहिलं की हाती लागतात. हा नाही. तपासणीची स्क्रिप्ट मध्येच मरते आणि फॉर्म खुशाल पुढे जातो. म्हणजे तोवर सगळ्यांना दार उघडं.

खरं सांगू? मला घाई नाही.

बुधवार, ५ जुलै

घरमालकीण मालनबाईंनी जिन्यात गाठलं. "एकटी काय करायलीस गं वर? ये की जेवायला." गेले नाही. नवरा कुठे असतो, हे कधीतरी विचारणारच. या परक्या शहरात, अंबरपेठेत आठ महिने झाले, एका घरात चहा प्यायले नाही. दोष माझाच.

गुरुवार, ६ जुलै

सापडलं! टिंब द्यायचंच नाही.

elements["vivah[sthiti]"]

अख्खं नाव, कंसांसकट, अवतरणात. "आलं!" म्हणून ओरडले. वळून पाहिलं तर सगळे जेवायला गेलेले.

चाचणीला माझीच माहिती भरली. वय बत्तीस, पुणे, घटस्फोटित. पाटी आली. मीच लिहिलेली! तरी रडू फुटलं. मग स्वतःचाच राग आला — पगार घेतेस ना? काम साइटवर चढवून टाकलं.

रविवार, ९ जुलै

बूथवरून बाबांना फोन. "तुझं काम आम्हाला बघता येईल का गं?" साइटचा पत्ता दिला. केवढे खूश! उद्याच सायबर कॅफेत जाणार म्हणे. फोन ठेवल्यावर खोली जास्तच रिकामी वाटली.

बुधवार, १२ जुलै

नव्या नोंदी तपासायला उघडल्या. सातवं नाव माझं!

भरणारे — वडील. वैवाहिक स्थिती — अविवाहित.

कोर्टात प्रत्येक तारखेला शेजारी बसले होते ते. "मान वर ठेव" म्हणणारे बाबा! त्यांनाही माझी लाज वाटते तर. मग आता माझं म्हणावं असं कोण उरलं?

गुरुवार, १३ जुलै

बूथ उघडताच फोन लावला, भांडायलाच. बाबा म्हणाले, "अगं, खरं तेच लिहिलं होतं मी. तीनदा लिहिलं. तो फॉर्म पुढेच जाऊ देईना."