कापूस, पेंढा आणि समोरचा फोमवाला

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या भावाचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (तुझ्या एका गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, तेव्हा आशीर्वाद बसूनच दे, उठू नकोस.) इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी भावजयही खुशाल आहे आणि माझ्यावर नाराज आहे, म्हणजे नेहमीसारखीच आहे. गुडघा आता कितपत वाकतो, जिना चढू देतात का, भाची गोळ्या वेळेवर देते का, जावईबापू टीव्हीचा आवाज अजून तेवढाच ठेवतात का, सगळं सविस्तर कळव. हे फोनवर विचारलं असतं, पण तुमच्याकडे फोन टेबलाच्या मधोमध ठेवून अख्खं घर ऐकतं, आणि मला जे सांगायचंय ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही. शिवाय फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला मुद्द्यावर यायला सांगतेस. पत्रात तशी सोय नसते.

मुद्दा मांजरांचा आहे. चौघंही जिवंत आहेत हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पत्र अर्धवट टाकून स्टेशनवर निघशील.

लेकीकडे जाताना तू दिलेली, मांजरांच्या थंडीच्या सोयीची चिठ्ठी मी दुकानात गल्ल्याच्या वर टाचणीनं लावली होती. चिठ्ठीत ओळी चार. त्यातली पहिली वाचली आणि पुढचं वाचायची इच्छाच मेली. 'खोक्यात पेंढा भरायचा. कापूस, गोधडी, चादर काही घालायचं नाही.' अक्का, आपल्या वडिलांनी जन्मभर गाद्या भरल्या. मी एकेचाळीस वर्षं भरतोय. या बर्फाळ पहाडी गावातली निम्मी माणसं माझ्या कापसावर लोळून मोठी झाली. आणि माझी सख्खी बहीण, जी स्वतः माझ्या हातच्या रजईशिवाय झोपत नाही, ती गल्लीतल्या मांजरांना माझा कापूस नको म्हणते? मला ते लागलं. दोन दिवस मी नीट जेवलो नाही. (तुझी भावजय म्हणते जेवलो. तिचं मोजणं वेगळं आहे.) तिसऱ्या दिवशी ठरवलं की अक्काला दाखवूनच द्यायचं.

शिलाई मशीन ज्या लाकडी खोक्यातून आलं होतं, ते माळ्यावरून काढलं. एवढं प्रशस्त की त्यात आपली आत्या सहज मावली असती, आणि तुला आत्या माहीत आहे. त्याला रस्त्याच्या बाजूनं चांगलं रुंद दार कापलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला आतलं काम दिसावं. आत रजई घातली. साधीसुधी नव्हे. लांब धाग्याचा, दोनदा पिंजलेला कापूस, वर मरून साटीन, चौफेर गोट, बोटबोट अंतरावर टाका. शिवाय चार छोट्या उशा. तुझी भावजय म्हणाली की मांजरं उशीवर डोकं ठेवत नाहीत. मी म्हटलं, आजवर कोणी दिलीच नव्हती, तर ठेवणार कुठे. पहिल्या संध्याकाळी चारही मांजरं आत गेली. आधी तो एककान्या हवालदार, मग राखाडी जुळ्या, आणि सगळ्यांत शेवटी विहीणबाई, आधी उंबऱ्यावर नाक मुरडून, मग जणू आपल्यावर उपकार करत. मी तुझ्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

त्या रात्री आधी पाऊस झाला आणि मग बर्फ पडला. कापसाचा एक गुण मी एकेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय, की तो सगळं शोषून घेतो. रुंद दारातून वारा थेट आत शिरत होता, वाऱ्याबरोबर पाणी शिरत होतं, आणि माझा कापूस आपला गुण इमानेइतबारे दाखवत होता. सकाळी पाहतो तो खोकं रिकामं. पाण्याच्या वाटीत बर्फ, बर्फात काल विसरलेला चमचा उभा. रजईचा एक कोपरा धरून उचलला, तर अख्खी रजई फळीसारखी ताठ उभी राहिली. दुकानात आणून ती भिंतीला टेकवून ठेवावी लागली. तुझी भावजय चहा घेऊन आली. तिनं रजईवर बोटानं टकटक केलं आणि विचारलं,

"आत कोणी आहे का?"

एवढंच बोलली. पण अक्का, लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या माणसाला एवढं पुरतं.

बाहेर ताज्या बर्फावर चार मांजरांच्या पावलांच्या चार रेघा उमटल्या होत्या. एकानंही मागं वळून पाहिल्याची खूण नव्हती. तीन रेघा रस्ता ओलांडून सरळ समोरच्या दुकानाच्या मागच्या आवारात गेलेल्या. चौथी मोठ्या पंज्यांची, म्हणजे हवालदाराची, ती रस्त्याच्या मधोमध टायरांच्या राडीत नाहीशी झालेली.

आणि समोरचं दुकान कोणाचं? फोमवाल्याचं. तुला माहीतच आहे, नऊ वर्षांपूर्वी त्यानं माझ्या गल्ल्याच्या बरोबर समोर दुकान थाटलं आणि हातभर उंचीच्या अक्षरांत पाटी लावली, 'कापसाचे दिवस गेले'. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो शटर उघडतो तेव्हा मी पाठ फिरवतो आणि मी पाठ फिरवली की तो शटर आपटतो. असं आमचं नऊ वर्षं अगदी सुरळीत चाललं होतं. आता त्याच्या दारात जाऊन माझी मांजरं (म्हणजे तुझी मांजरं) तुमच्याकडे आली आहेत का हो, असं विचारायचं कोणत्या तोंडानं? म्हणून त्याच्या आवाराच्या भिंतीशी बादली पालथी घातली आणि वर चढलो. आत थर्माकोलच्या तुकड्यांचा ढीग पडला होता, आणि ढिगातल्या एका खोक्यात दोघी जुळ्या आणि विहीणबाई एकमेकींना चिकटून गाढ झोपल्या होत्या. विहीणबाईच्या तोंडावर तर मी कधी न पाहिलेलं समाधान. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे माझा तोल गेला. बादली निसटली. मी भिंतीला दोन्ही काखांनी लोंबकळत राहिलो. तेवढ्यात फोमवाला हातात झाडू घेऊन बाहेर आला.

"मांजरं शोधताय?"

नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य. मी म्हणालो, नाही, भिंत पाहतोय, ओल आलेली दिसते. तो म्हणाला की भिंत माझी आहे. आणि आत निघून गेला.

कसाबसा उतरलो, दुकानात आलो आणि हवालदार कुठे गेला असेल या काळजीनं शेवटी तुझी चिठ्ठी पुढं वाचली. दुसरी ओळ, खोकं लहान हवं, म्हणजे अंगाच्या उबेनंच तापतं, दार वीतभर आणि वाऱ्याच्या उलट बाजूला, खाली विटा. (अक्का, ही ओळ पहिली का नाही लिहिलीस?) तिसरी, पाणी कोमट, दिवसातून तीनदा बदलायचं आणि जेवण उन्हाळ्यापेक्षा जास्त. चौथी, 'जवळ गाडी उभी असेल तर ती सुरू करण्याआधी बॉनेटवर जोरात थापा मारायला सांग. इंजिनाच्या उबेला मांजरं आत शिरतात.'

मी मान वर केली तर समोर फोमवाला त्याच्या डिलिव्हरीच्या व्हॅनमध्ये चढत होता.

चप्पल घालायचं सुचलं नाही. हाताला लागली ती गादी झोडायची काठी घेऊन मी रस्ता ओलांडला आणि त्याच्या बॉनेटवर धडाधड घालायला लागलो. रस्ता थांबला. सलूनमधून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गळ्यातल्या टॉवेलसकट बाहेर आलं. सगळ्यांची खात्रीच पटली की नऊ वर्षांचं साचलेलं आज बाहेर पडलं. फोमवाल्यानं खाली उडी मारून माझी कॉलर धरली. मला धाप लागली होती, तोंडातून फक्त "हवालदार, हवालदार" एवढंच निघत होतं, आणि त्याला वाटलं, त्याचीच गाडी ठोकून वर मीच पोलिसांना बोलावतोय. कॉलरीचं एक बटण तुटलं. तेव्हा पुढच्या चाकामागून हवालदार खाली उतरला. ग्रीसनं काळाकुट्ट, उरलेला एक कान आडवा. त्यानं आम्हा दोघांकडे क्षणभर पाहिलं आणि चौकशी संपवून निघाल्यासारखा चालता झाला.

फोमवाल्याचा हात कॉलरीवरून आपोआप सुटला. तो फुटपाथवर तसाच बर्फात बसला.

"किल्ली लावली होती मी," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला.

माझे पाय अनवाणी होते. मी शेजारी बसलो. म्हटलं की भिंतीला ओल वगैरे काही नाही, भिंत चांगली आहे.

त्याच दुपारी आम्ही खोकी करायला घेतली. प्लास्टिकचे झाकणाचे डबे माझे, आतून लावायला थर्माकोल त्याचा, आणि पेंढा चिनीमातीच्या भांडीवाल्याकडून, त्याच्याकडे कपबश्या त्यातूनच येतात. दाराची वीत कोणाची धरायची यावर पाऊण तास वाद झाला. (त्याची वीत लहान आहे. हवालदार आत जाताना अडकला आणि वाद मिटला.) पेंढ्यात हात घालून पाहिला, अक्का. वर बर्फ, आजूबाजूला चिखल, आणि आत कोरडं आणि ऊबदार. पाणी त्यावरून निथळून जातं, धरून ठेवत नाही. कापसाला हे जमत नाही, हे मी तुला लिहून देतो. हे वाक्य वाचून झालं की तेवढा कागद फाडून टाक.

आता रोज संध्याकाळी पाच वाजता दुकानं नोकरांवर सोपवून आम्ही दोघं त्याच्या मागच्या आवारात पालथ्या खोक्यांवर बसतो. कोमट पाण्याचा थर्मास त्याचा, खाणं माझ्याकडचं. मांजरं जेवतात, आम्ही बोलतो. परवा मी त्याला पाटीचं विचारलंच. म्हटलं, ती माझ्यावरच होती ना? त्यानं थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाला, ते शब्द त्याच्या बायकोनं सुचवले होते आणि अक्षरंही तिनंच आखली होती. दोघं खूप हसले होते तेव्हा. दुकान उघडलं आणि तिसऱ्या महिन्यात ती गेली. पुढं कितीदा तरी पाटी उतरवायला तो शिडी लावून वर चढला आणि तसाच खाली आला. अक्का, मी त्याला शिडीवर चढताना पाहिलं होतं. मला वाटायचं, मला खिजवायला पाटी पुसतोय. बाई गेल्याचंही मी ऐकलं होतं, पण बोलणं बंद होतं ना, म्हणून भेटायला गेलो नव्हतो. काल मी त्याला म्हटलं की 'का'च्या कान्याचा रंग उडालाय, शिडी मी धरतो, तू रंग दे.

असो. भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. औषधं वेळेवर घे, थंड पाण्यात हात घालू नकोस आणि पत्र एकटीनं वाच.

तुझा,
कापसातला का होईना, पण भाऊ

ता. क. फोमच्या गादीबद्दल घरात कुठेही बोलू नकोस. कसली गादी ते मी लिहिलेलं नाही, पण तुझी भावजय तुला कळवणारच, म्हणून आधीच सांगतो. भिंतीवर लोंबकळल्यापासून माझी पाठ धरली आहे आणि फोमवाल्यानं एक गादी फक्त तपासून बघायला दिली आहे. आज अकरावी रात्र. तपासणी चालू आहे.

ता. क. आणखी एक, खरं तर हेच लिहायला बसलो होतो. तू या महिनाअखेरीस येणार असं भाची म्हणाली. गुडघ्याचं काम घाईचं नसतं, अक्का. तू आलीस की मांजरं तुझी होणार, आणि तू त्यांचं सगळं दहा मिनिटांत उरकणार. मग साठी उलटलेल्या दोन दुकानदारांनी रोज तासभर मागच्या आवारात जाऊन बसायचं कशाच्या नावावर? थंडी संपेपर्यंत तिकडेच राहा. मोठ्या बहिणीला येऊ नकोस म्हणणारा भाऊ जगात मीच असेन, पण समजून घे.

(याखालचं अक्षर वेगळं दिसेल)

अक्का, नमस्कार. मी समोरचा फोमवाला. पत्र तुमच्या भावांनी पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले. वाचायला नको होतं, वाचलं. एक दुरुस्ती करतो. भिंतीवर ते नुसते लोंबकळत नव्हते, तुम्हाला हाका मारत होते. दुसरं म्हणजे मांजराच्या केसांनी माझे डोळे सुजतात. डॉक्टरांनी मला मांजरांपासून चार हात लांब राहायला सांगितलं आहे. रोज पावणेपाचला मी एक गोळी घेतो. हे त्यांना कळवू नका. तुम्ही सावकाश या.