डुगडुगचा दुसरा चंद्र

प्रिय भुणभुण,

तुझ्या पुस्तकाचं बाड मंगळवारी मिळालं. ‘काका, छापायला जायच्या आधी डुगडुग ग्रहावरच्या विसंगती तेवढ्या शोधा, तुमच्याइतका कीस काढणारा दुसरा कुणी नाही,’ असं तू चिठ्ठीत लिहिलंस, ते मी स्तुती म्हणूनच घेतलं. तुझी आई म्हणते ती स्तुती नव्हती. असो. चव्वेचाळीस पानांत सव्वीस विसंगती सापडल्या. मी आठवीत शाळा सोडलेला लेथवरचा माणूस. पण तीस वर्षांत केसाएवढी चूक नजरेतून सुटू दिली नाही, ती तुझ्या ग्रहावर बरी सुटेल!

बहुतेकींचा निकाल लावला आहे. पान तीनवर तिथल्या माणसांना तीन पाय, आणि पान एकोणीसवर मावशी स्वतःसाठी दोन जोड बूट घेते. घाईघाईने पाय चार करू नकोस. चौथा बूट जादाचा, एखादा हरवला तर असावा म्हणून. शहाण्या बाईचं लक्षण आहे. पान अकरावर तिथे वारा अजिबात नाही, आणि पान सत्तावीसवर दोरीवरचे कपडे हेलकावे खातात. यात माझे दोन दिवस गेले. शेवटी भाजी चिरता चिरता तुझी आई म्हणाली, “अहो, ग्रहच डुगडुगतोय ना, मग कपडे हलणारच की!” उत्तर बरोबर आहे. मला सुचायच्या बेतातच होतं. राजाचा वाढदिवस वर्षातून पाचदा येतो, तेवढं मात्र तसंच ठेवलं. राजाला कोण विचारणार?

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. एकाच भागाचे दोन नकाशे आले आणि मापं जुळली नाहीत, तर नव्या तारखेचा धरायचा, जुना फाडायचा. डुगडुगच्या बाबतीत मी तो उलटा लावला. जुना नकाशा तुझ्या बाबांचा. तू पाच वर्षांची होईपर्यंत त्यांनी जे जे सांगितलं ते पक्कं. ते गेल्यावर वर्षभराने मी या घरात आलो आणि त्यात माझ्या पदरचं घातलं. ते जिथे त्यांच्या आड आलं तिथे मीच खोडलं आहे. नऊ ठिकाणी. माझा गोड्या पाण्याचा समुद्र गेला, माझी रेल्वे गेली. रेल्वेचं जरा वाईट वाटलं, कारण तिचे डबे मी मोजून मापून बनवले होते.

राहिली सव्विसावी. पान सहावर चंद्र एक, पान चाळीसवर दोन, आणि समासात तुझी पेन्सिल: ‘एकच ठेवावा, दुसरा काढते.’

तो दुसरा कसा आला हे तू विसरली असशील, सहा वर्षांची होतीस. मला घरात येऊन चार दिवस झाले होते. आपण मटार सोलत बसलो होतो आणि तू माझी परीक्षा घेतलीस, “डुगडुगला चंद्र किती?” मला काय ठाऊक? पण ‘माहीत नाही’ म्हणायची सवय मला तेव्हाही नव्हती. दिलं ठोकून, “दोन.” तू शेंगा ढकलून दिल्यास. “खोटं! बाबा म्हणायचे एक!” मग जेवायलाही आली नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी आईबरोबर तू माझा डबा घेऊन कारखान्यात आलीस, लोखंडाच्या किसात उभी राहिलीस आणि मशीनच्या आवाजावर ओरडलीस, “काका, दुसरा नंतर आला असेल! बाबांनी बघितलं तेव्हा नव्हता!” सगळे कारागीर हसले. त्यांना काय कळणार, की ‘काका’ तू त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालीस. मशीन बंद करायला मला उशीर झाला आणि हातातला तुकडा वाया गेला. आजवर माझ्या हातून वाया गेलेला तो एकच.

तेव्हा विसंगतींच्या निमित्ताने लिहायला बसलो खरा, पण मागायचं आहे ते एवढंच. बाकीच्या पंचवीस तुला हव्या तशा कर, रेल्वेही मागत नाही. हा चंद्र काढू नकोस. मध्ये कुठेतरी एक ओळ घाल, की तो नंतर आला. शास्त्राच्या दृष्टीने यात काडीची चूक नाही, पुस्तकं काढून तपासलं आहे मी. भटकत चाललेला एखादा दगड कधी कधी ग्रहाच्या ओढीत सापडतो, आणि पहिल्याच्या वाटेत न येता तिथेच फिरत राहतो.

तुझाच,
काका