सुगंधाबाईची फळी

चिचटोला, ता. मुलचेरा
२६ मे २०२५

नंदिनीबाईले गिरजाबाईचा जयभीम.

आमी इथी बरे आहोन. तूबी बरीच असशील. गाडीवर गावोगाव हिंडून, कोनाच्या घराले पायरी आहे अन् कोनाच्या संडासाले धरायची दांडी नाई, हे लिहून घेनाऱ्या पोरीले बिमार पडायले सवड कुठी? ऊन लय आहे. बोडीतलं पानी आटलं. तेंदूपत्त्याचं काम परवाच सरलं.

लिहून देनारी रंजीता आहे, माझी नात. मले अक्षर येत नाई हे तुले मालूम आहे. तिले सांगून ठेवलं, मी बोलीन तेच लिहाचं, अन् मधात हासाचं नाई. हासून राह्यली.

तू तीन डाव फोन केला. "आजी, खोलीच्या कागदावर अंगठा झाला का?" पयल्या डावाले मी म्हटलं शाई सुकली. दुसऱ्या डावाले म्हटलं कागद धानाच्या ढोलीत पडला. तिसऱ्या डावाले मले ऐकूच आलं नाई. कागद गादीखाली आहे, बाई. मी रोज त्याच्यावरच निजतो.

तू रंजीतासाठी कागदावर मांडलेली खोली चांगली आहे. माझ्या सांदवाडीत, घराच्या मागं, म्हनून अंगठा माझा. दाराले उतार, बसून रांधता येईन असा बुटका ओटा, संडासात दांडी. रंजीताची एकटीची. चांगली आहे म्हनूनच तं झोप येत नाई.

रंजीता दोन वर्साची असतानी तापात तिचे पाय गेले. मायबाप घुग्घुसले कामाले, पोरगी माझ्या पाठीवर. दहावी ती पास झाली, पाठ माझी गेली. पन पाठीवर असली का तिचं तोंड माझ्या कानाशी. कोन नवीन लुगडं नेसली, कोनाचं कोनाशी भांडन झालं, सारं पयले मले समजे. तू चाकाची खुर्ची आनून देल्ली अन् आता माझ्या नातीच्या बातम्या मले सुगंधाबाई सांगते. सुगंधाबाई! जिले स्वतःच्या कोंबड्या मोजता येत नाई!

आंगनाले आंगन लागून आहे तिचं. माझा उंबरठा हातभर उंच, खुर्ची अडे. म्हनून ती सकाळीच जुन्या दाराची फळी आनून उंबरठ्यावर टेकवे अन् वरडे, "चाल वं रंजीता, पत्ता वाट पाह्यते!" अन् ही माझ्या हातचा चहा अर्धा टाकून फळीवरून सुर्रकन जाये.

तू तेंदूपत्त्याचे पुडे बांधतानी पाह्यलं नसशील. सत्तर पानं रचाचे, वाकाच्या दोरीनं आवळाचे. सारं गाव खालीच बसते. तिथी कोन चालते अन् कोन नाई, हे कोनाले दिसत नाई. रंजीताचा हात साऱ्या बायायच्या पुढं. संध्याकाळी घरी येऊन एकटीच गालात हासे. मी विचारलं, "काय झालं वं?" म्हने, "काई नाई आजी, तिथलीच गंमत." तिथलीच! बावीस वर्सं मी पत्ता घरी आनून तिच्यापुढं टाकला, तवा नाई झाली गंमत.

आता तुझ्या कागदाचं. मागच्या वर्सी तू विचारलं होतं, "रंजीता, तू गावात जातेस का? वेगळं घर हवं का?" तिनं तोंड उघडाच्या आधी मी सांगतलं, "तिले बाहेर आवडत नाई. तिले काई नाई पाह्यजे." तू लिहून घेतलं, तरी खोलीचा कागद आनलाच. ते खोटं होतं. मी तिले कधी विचारलंच नव्हतं. देवराव मिस्त्री दहा वर्साआधी म्हने, "बाई, उंबरठा फोडून उतार करून देतो." मी म्हटलं, पावसाचं पानी शिरते. पानी कधी शिरलं नाई. उतार झाला असता तं माझी पाठ कोनाले लागली असती?

आनखी एक आहे. हे तं लिहाचंच आहे. पंधरा दिवसाआधी फळी गायब झाली. गावभर झालं का कोनी उचलून नेली. मी नेली. तोडून चुलीत घातली अन् तिच्यावरच भात शिजवला. मंग ऐन तेंदूच्या दिवसात पोरगी घरी बसली, अन् मी खुशीनं पत्ता आनून तिच्यापुढं टाकला.

इथी तिनं पेन खाली ठेवला होता.

मी म्हटलं, "लिही." ती म्हने, "मले मालूम होतं."

"कसं मालूम?"

"चुलीची राख कोन काढते आजी? फळीचे दोन लोखंडी कब्जे, दाराच्या बिजागऱ्या, निघाले राखेतून. धुवून डब्यात ठेवले."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू कधी बोलते ते पाह्यत होतो."

पाह्य नंदिनीबाई. पंधरा दिवस माझ्या ताटाशी बसून जेवली अन् एक बोल काढला नाई. कब्जे कायले ठेवले विचारलं तं म्हने, नव्या खोलीच्या दाराले लागतीन.

मंग मी तिले विचारलं, जिंदगीत पयल्यांदा. "दाराचं तोंड कोनीकडे पाह्यजे वं?" मले वाटलं, माझ्याकडे म्हनेन. तिनं घडीभराचाबी इचार केला नाई. "रस्त्याकडं."

बरं. लिहून घे तसंच. मले भेटाचं असन तं मी रस्त्यानं येईन, पुढच्या दारानं, आवाज देऊन.

मागचं माझं उत्तर खोडून टाक, तिचं ती सांगन. देवरावले निरोप धाडला आहे, उद्या पयले माझा उंबरठा फोडाचा. अन् सुगंधाबाईले फळीचं मीच जाऊन सांगतो. ती वर्सभर बोलून दाखवन, ते ऐकून घेईन.

कागद या पत्रासंगंच आहे. त्याच्यावर दोन अंगठे दिसतीन. पयला फिसकटला. दुसऱ्या डावाले रंजीतानं मनगट धरलं. दुसरा पक्का समज.

तुझ्यावर अजून रुसलेली,
गिरजाबाई