बाहेरचं

आये, तुला काय झालं होतं ते मला आत्ता कुठे कळलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या आईला बाहेरचं झालं होतं. सासूबाईंना तेच सांगितलं, आणि वाशीच्या डॉक्टरीणबाईंनाही तेच. माझ्या डाव्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता, कॅन्सर आहे हे सांगून झालं होतं, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. घरात आधी कुणाला होता का, आईला वगैरे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, आईला बाहेरचं झालेलं. बाई वयाने लहान, फ्लॅटमध्ये वाढलेली. तिला बाहेरचं म्हणजे भूतबाधा हे कुठून माहीत असणार? तिला वाटलं, कातडीवरचं काहीतरी. तिने सरळ विचारलं, "बाहेरून दिसत होतं? जखम होती का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला तुझा पदर आठवला.

भर उन्हाळ्यात चुलीपुढे बसून तू तांदळाच्या भाकऱ्या थापायचीस, तरी डाव्या खांद्यावरून पदर असा आवळून घेतलेला की घामाने चिकटायचा. घरात सारखा ऊद जळायचा. भगत लिंबं उतरवून जायचा आणि आजी म्हणायची, खाडीवर संध्याकाळची गेली, तिथलंच लागलं. मी शाळेतून येते, दप्तर फेकते, तुझ्या कुशीत शिरायला धावते, आणि तू कोपराने मला ढकलतेस. "लांब बस गो. अंगाव येव नको." भाकरी तव्यावर करपतेय आणि तू माझ्याकडे बघतही नाहीस. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. पुढे तू रोजच तसं म्हणायला लागलीस, आणि मीही हट्टी, यायचीच बंद झाले. मग तू गेलीस.

दवाखान्यातून निघाले ती थेट तुर्भ्याला मावशीकडे. ती आधी विषयच काढू देईना. चहा घे, जेवून जा, तुझं टेन्शन कशाला वाढवू. मी ओरडलेच तिच्यावर. डॉक्टर विचारतात गं, माझ्या पोरीचा प्रश्न आहे. तेव्हा ती रडायला लागली. "गाठ व्हती छातीला. फुटली व्हती. वास यायचा म्हनून तुला जवल घेत नसं. तू शिवलीस तर तुला लागंल, आसा वाटायचा तिला." आये, हा रोग असा लागत नाही गो. कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. तुला कुणी दवाखान्यात नेलं नाही, आणि मला कुणी काही सांगितलं नाही. मला सगळ्यांचा राग आला. तुझाही आला.

माझं बरं आहे, मला विचारायला माणसं आहेत. दवाखान्यातच ऑपरेशन झालेल्या बायका जमतात. रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' वाचून मी तिथे हमसून रडले. कोरोनापासून तो शब्द म्हणजे वाईटच, एवढंच मला माहीत. एक तळोज्याची बाई माझा कागद हातात घेऊन म्हणाली, अगं वेडे, हे हार्मोनचं पॉझिटिव्ह आहे, म्हणजे पुढे तुला गोळ्या लागू पडतील, रडतेस काय? मग तिने तिचे नवे आलेले केस दाखवले आणि चहा पाजला. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवले.

पण तुझं कळल्यावर डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. इतक्या तरुण वयात आईला होता, तर तुमची रक्ताची वेगळी तपासणी करू, हे घराण्यातून उतरलंय का बघू. उतरलं असेल तर मुलीलाही सांगावं लागेल. आणि मुलीला मी थायरॉईडचं सांगून ठेवलं होतं. आज सकाळी ओट्यापाशी तिने मागून मिठी मारली. आणि माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे? "लांब बस गो." तुझी बोली, जी मी घरात कधी बोलत नाही. ती मागे सरली. तिचा चेहरा बघितला. गॅस बंद केला, तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. माझं, तुझं, रक्ताचं. मग ती म्हणाली, "कुठे आहे, दाखव." मी तिचा हात धरून गाठीवर ठेवला.

आता आम्ही रक्त द्यायला आलोय. नंबर यायचाय, म्हणून फाईलमागच्या कोऱ्या कागदावर हे लिहितेय. पाठवणार कुठे? निघताना फाडून टाकीन. काय निघेल कोण जाणे. पोरगी हट्टाने डाव्या बाजूला बसलीय, डोकं माझ्या छातीवर टाकून. सुईने तुकडा काढला होता तिथेच. फार दुखतंय गो आये. मी तिला सांगितलेलं नाही.